निवायच्या पेटीचं दार

सासऱ्याला काचेच्या भट्टीपासून सुटका हवी होती, बाकी काही नाही. गुडघे गेले होते, फुंकताना दम लागायचा. घरी खिडकीपाशी नवी आरामखुर्ची येऊन पडली होती, तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. पण भट्टी सोपवायची कुणाला? मुलगा नव्हता. जावई होते दोन, आणि दोघांचा मिळून एक धड माणूस होईल ही आशा त्याने लग्नातच सोडली होती.

थोरला म्हणजे कलावंत. फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकायचं, हवेत झुलवायचं, ओल्या लाकडाने वळण द्यायचं. सगळं नजरेवर. त्याचे पाण्याचे दोन जग कधी सारखे व्हायचे नाहीत, आणि याला तो शैली म्हणायचा. धाकटा साचेवाला. गोळा तोच, पण लोखंडी साच्यात सोडून फुंकायचा. जग एकजात सारखे, आणि प्रत्येकाच्या पोटावर साच्याची उभी रेघ, ऑपरेशन झाल्यासारखी.

"साच्यात फुंकायला माणूस कशाला लागतो, साडूभाऊ?" थोरला म्हणायचा. "सायकलचा पंप लावा. तो निदान बोलत तरी नाही."

"तुमच्या जगातून पाणी ओतायचं तर पाहुण्यालाच वाकडं बसवावं लागतं," धाकटा म्हणायचा.

शेवटी सासरा वैतागला. "जावईबापू, तोंडातली हवा जरा फुंकणीत घाला. दोघांनी सहा-सहा जग करा. उद्या सकाळी बघू. ज्याचे चांगले, भट्टी त्याची."

थोरल्याला प्रेक्षक हवे होते, म्हणून त्याने बायकोला बोलावलं. तिच्यासमोर पहिलाच जग असा काही झुलवला की तो लांबत लांबत दुधी भोपळ्यावर येऊन थांबला.

"ही फुलदाणी आहे," तो म्हणाला.

"अहो, पण हिला तोंड कुठंय?" बायको म्हणाली.

धाकटा हे बघून इतका हसला की साचा ओला करायचाच विसरला. त्याचा जग आत चिकटून बसला. त्याने साच्याला लाथ घातली. साच्याला काही झालं नाही, अंगठा मात्र टमाट्याएवढा सुजला. उरलेले जग त्याने एका पायावर उभं राहून केले.

संध्याकाळी सगळा माल गरम पेटीत गेला. नवी काच तिथे रात्रभर हळूहळू निवते. मधेच दार उघडलं, गार वारा लागला, की तडा गेलाच. हे भट्टीवरच्या मांजरालाही कळत होतं. ते कधी दाराला अंग घासायचं नाही.

सासरा घरी गेला. थोरल्याने पेटीचं दार बोटभर उघडलं.

"काय चाललंय?" धाकटा लंगडत आला.

"काही नाही. तुमची रेघ पुसली गेली का बघत होतो."

"रेघ? थांबा, तुमचा भोपळाच दाखवतो!" आणि धाकट्याने दार सताड उघडलं.

मग वाद रंगला. नजर मोठी की साचा, वळण मोठं की माप. आतून टिक, टिक आवाज यायला लागला.

"ऐका," थोरला म्हणाला, "काचसुद्धा मला टाळ्या वाजवतेय."

सकाळी सासऱ्याने पेटी उघडली. एकही जग धड नव्हता. दुसऱ्या कुणी जमीन दुभंगण्याची वाट बघितली असती. धाकटा पुढे झाला.

"मामा, नीट बघा. माझे सगळे एकाच रेघेवर तडकलेत. याला म्हणतात काम!"

"माझा प्रत्येक वेगळा फुटलाय," थोरला म्हणाला. "याला हात लागतो."

सासऱ्याने दोघांना बाजूला सारलं. त्याने सगळ्या काचा फावड्याने एकत्र केल्या. "अहो मामा, माझ्या वेगळ्या ठेवा," असं दोघंही एकदमच म्हणाले. त्याने त्या एकाच घमेल्यात भरून भट्टीत ओतल्या आणि भिंतीवरची स्वतःची जुनी फुंकणी खाली काढली.

"जावईबापू, तुम्ही पेटीच्या डाव्या बाजूला. तुम्ही उजव्या. समोरच्याने दाराला हात लावला की ओरडायचं."

त्या दिवसापासून एकही जग तडकलेला नाही. सासरा दम खात खात फुंकतो, खुर्चीवर अजून प्लॅस्टिक आहे. दोन्ही जावई बाहेर सांगतात, कारखाना आपणच सांभाळतो. फक्त दार राखायची खरी पद्धत कोणती, बसून की उभं राहून, यावर त्यांचं अजून जमलेलं नाही.