ससाण्याचं घर

माझी जीभ लय वाईट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईनं आपलं झाकलं अन् दुसऱ्याचं उघडं केलं. तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली, पोरांच्या आया सांभाळल्या, वरच्या मॅडमबी सांभाळल्या. जीभ तेवढी सांभाळता आली न्हाई.

आमचे गुरुजी त्याच्या उलट. सिद्धोधन गुरुजी म्हणलं की जिंतूरला अजून चार माणसं खुर्ची सोडून उठतात. नोकरी सगळी चारठाण्याच्या शाळेत गेली, तिथूनच रिटायर झाले. बोलणं कमी. गळ्यात दुर्बीण, बगलेत वही, अन् नजर हमेशा वर. आमच्या लग्नात माझ्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, जावई बरे हायत ना गं, कारण मंडपात बसून हा माणूस माझ्याकडं न बघता लिंबाच्या शेंड्याकडं बघत होता.

गुरुजींना एक पुस्तक करायचं होतं. आपल्या भागातली पाखरं, आपल्या भाषेत, आपल्या पोरांसाठी. पस्तीस वर्षांच्या वह्या साठल्या होत्या. त्यांची तऱ्हा अशी की दुसऱ्याच्या पुस्तकात बघून काही लिहायचं न्हाई. पाखरू काय खातं, शिकार कशी करतं, भांडतं कुणाशी, पिलं कुठं घालतं, हे दिवसच्या दिवस बघायचं, अन् मग त्याला एका घरात बसवायचं. घर हा त्यांचाच शब्द. दाणे टिपणारांचं घर, चिखल चिवडणारांचं घर, बुड्या मारणारांचं घर. शिकारी घरात घार, शिक्रा, गरुड अन् ससाणा. ससाण्यावर त्यांचा भारी जीव. चारठाण्याच्या जुन्या देवळावर एक जोडी बसायची, अन् हे भाकर बांधून घेऊन खाली पायरीवर बसायचे. लोक चेष्टा करायचे, गुरुजी देवळात पाय टाकत न्हाईत, पण देवळापुढून हलतबी न्हाईत.

आमाला एकच लेकरू, बबिता. बापाच्या दुर्बिणीची वादी चावत वाढली ती. आता हैदराबादला प्रयोगशाळेत हाय, पाखरांच्या डीएनएवर काम करती. गुरुजींना त्याचं इतकं कौतुक की गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाबी थांबवून सांगायचे. पुस्तकावर बापलेकीची दोघांची नावं टाकायची असं कधीचंच ठरलेलं होतं.

औंदा भीमजयंतीला ती आली. पुस्तक टाईप होऊन आलं होतं, परभणीच्या छापखान्याशी बोलणंबी झालं होतं. गुरुजी म्हणले, आधी बबीनं वाचावं. लाल पेन त्यांनी स्वतः तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर ज्वारी निवडत होते. ती वाचत वाचत शिकारी घरापाशी आली अन् ससाण्याला लाल गोल केला. म्हणली, हा इथं बसत न्हाई. ह्याचं अन् घारीचं जवळचं नातं न्हाई, ह्याची सख्खी भावकी म्हणजे पोपट अन् चिमण्या. गुरुजी हसले. मलाबी वाटलं, पोरगी थट्टा करायली. पण ती बोलतच राहिली. म्हणली, जगभरातल्या पाखरांचे डीएनए तपासले, अन् ह्या वीस-पंचवीस वर्षांत जुनी घरं पार मोडून नवी मांडली. तो गुलाबी रोहित पक्षी, ताडमाड उंच टांगांचा, त्याची सगळ्यात जवळची नातलग कोण, तर येलदरी धरणाच्या पाण्यात बुड्या मारणारी वीतभर टिबुकली. गुरुजींचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"म्हणजे पाखरू काय करतं, कसं जगतं, ह्याला काहीच किंमत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही पप्पा. कोण कुणाच्या पोटी आलं, तेवढंच बघतात आता."

बबीला कळलं न्हाई ती काय बोलून गेली. मला कळलं, अन् माझा सुपातला हात थांबला.

माझा सासरा लिंबाजी, गावातली मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली दीक्षा घेतली अन् दुसऱ्या दिवसापासून दोराला हात लावला न्हाई. गाव म्हणलं, काम सोडलं म्हणून जन्म थोडाच सुटतो. ते बोलणं सासऱ्याच्या काळजात असं रुतलं की मरेपर्यंत सांगायचा. गुरुजी त्याच बोलण्यावर वाढले. माणूस जे करतो तेच त्याचं कूळ, कुणाच्या पोटी आला ते न्हाई, हे त्यांनी वर्गात शिकवलं, घरात शिकवलं, अन् आता माझ्या ध्यानात येतं, पाखरांची घरंबी त्यांनी त्याच्यावरच बांधली होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्या मास्तराला पाखरांच्या डीएनएचा राग आला नसता. आमच्या गुरुजींना आला.

ते उठून उभे राहिले. "बबे, कोण कुणाच्या पोटी आलं तेवढंच बघणारांनी तुझ्या आजाला वेशीबाहेर ठेवला. ते शास्त्र माझ्या पुस्तकात यायचं न्हाई."

पोरीला जीभ माझी मिळालेली. तिनं सुनावलं की पाखरांना जात नसती, तुमीच खामखा तुमचं दुखणं त्यांच्यावर लादायलात, अन् चुकीचंच छापायचं असंल तर माझं नाव त्यातून काढा. गुरुजींनी पेन उचलला अन् पहिल्या पानावरचं तिचं नाव खोडलं. एक रेघ मारली, बस. ती दुपारच्याच एस.टी.नं परभणीला गेली, तिथून गाडी धरली. डब्यात भरून ठेवलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या तशाच राहिल्या.

मग दोघंबी एका हाडाचे. घरात फोन एकच, तो माझ्यापाशी; रविवारी तिचा मला फोन यायचा. गुरुजी शेजारीच वही घेऊन बसायचे, पान काही उलटायचे न्हाईत. ती विचारायची न्हाई, पप्पा कसे हायत. हे म्हणायचे न्हाईत, जरा फोन दे. छापखान्याचं दोनदा विचारणं आलं, गुरुजी म्हणले थांबा. ससाणा शिकारी घरातून काढलाबी न्हाई अन् पुस्तक छापायला दिलंबी न्हाई. ते पान उघडायचे, लाल गोल बघायचे, अन् मिटून टाकायचे. जेवण निम्म्यावर आलं. मी म्हणायचे, अहो पाखरापायी कुणी मरतं का.

श्रावणात एका मंगळवारी सकाळी फोन आला. रविवार नसताना आला म्हणून मी घाबरून उचलला. बबीचा आवाज धाप लागल्यावाणी.

"आई, पप्पांना दे लवकर. माझी चूक झाली. त्यांनीच सगळं लिहून ठेवलंय, मीच नीट वाचलं नव्हतं."

खरं म्हणजे मी तेव्हाच फोन नेऊन द्यायचा होता. गुरुजी मागं अंगणात होते, वीस पावलांवर. पण माझ्या डोक्यात चार महिन्यांचा राग. त्या सकाळीच गुरुजींना चक्कर आली होती, भिंत धरून बसले होते, अन् ही तिकडं पाखरात रमलेली. मी म्हणलं, चार महिने बाप आठवला न्हाई, आज एकदम पाखरू आठवलं? फोनवर माफी मागायला तो काय दुकानदार हाय? इथं ये, त्यांच्या म्होरं बस, मग काय सांगायचं ते सांग.

ती म्हणली, दोन आठवडे सुट्टी मिळत न्हाई, तोवर तू तरी सांग. अन् तिनं भराभरा काहीतरी सांगितलं. ससाण्याचं काम, घारीचं काम, रूप, असं काहीबाही. रागात माणसाला ऐकू येत न्हाई. मी म्हणलं, सांगते, अन् फोन ठेवला.

सांगितलं न्हाई.

माझा डाव एवढाच होता की लेकरू घरी यावं. फोनवर मिटलं तर ती कशाला येती? यऊ दे, दोघांना एका ताटात जेवू घालते, मग मिटू दे. वाईट काही मनात नव्हतं. पण चांगलं मनात असून काय उपयोग, ते मनातच राहिलं तर.

मधल्या रविवारी तिचा फोन आला न्हाई; मला वाटलं, माझ्यावर रुसली. त्या मंगळवारपासून अकराव्या दिवशी, शनिवारी, गुरुजींनी सकाळचा चहा घेतला, कप खाली ठेवला अन् म्हणले, सुला, लय घाम यायलाय. शेजारच्या आश्रुबानं ऑटो आणला. दवाखान्याच्या पायरीपर्यंत माझा हात धरलेला होता, आत जाईस्तोवर सुटला.

बबी संध्याकाळी पोचली. तोवर ठेवलं होतं त्यांना. दारात चपला, ओसरीवर बाया, आत भंतेजी बसलेले. तिनं बापाकडं बघायच्या आधी माझ्याकडं बघितलं. "आई, सांगितलंस ना त्यांना?"

चार माणसांत काय बोलणार? मी मान हलवली, हो म्हणून. मान हलवायला काय लागतं.

मग ती बापापाशी बसली. पाय हातात घेऊन बसली अन् रडली न्हाई. मला तेव्हा वाटलं, पोरगी दगडाची हाय. तशी नव्हती ती. बापानं ऐकलं अन् तरी एक फोन केला न्हाई, ह्याच्याखाली ती दबून गेली होती. अन् तो दगड मी तिच्या छातीवर ठेवला होता.

जलदान विधी झाला, पाहुणे गेले. ती म्हणली, पुस्तक छापायचं. वह्या काढून बसली, तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी दुपारी प्रस्तावना लिहून मला वाचून दाखवली. बापाबद्दल लय चांगलं लिहिलं होतं. शेवटाला असं होतं की ससाण्यावरून आमचा वाद झाला, मी माझं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचवलं, त्यांनी ते ऐकलं, पण त्यांना पटलं नाही. तो त्यांचा अधिकार होता.

मी विचारलं, काय उत्तर होतं गं तुझं? मला नीट सांग, हळू.

तिनं एक जुनी वही उघडली. गुरुजींचं टपोरं अक्षर. त्यात लिहिलेलं तिनं वाचलं, की शिक्रा भक्ष्य पायांनी मारतो, नखं आवळून. ससाणा पायांनी धरतो, पण मारतो चोचीनं, मान तोडून. खाली गुरुजींनी विचारलं होतं, एकाच घरातले असतील तर दोघांचं हत्यार वेगळं का?

"बघ आई, त्यांना आधीच दिसलं होतं," ती म्हणली. "ससाणा घारीच्या घरात जन्मलाच नाही, तो पोपटांकडचा. पण लाखो वर्षं त्याच्या पूर्वजांनी शिकारीचं काम केलं, आणि त्या कामानं त्यांना तसे पंख दिले, तशी नखं दिली. इतकं की मोठेमोठे शास्त्रज्ञ त्याला घारीचा भाऊ समजले. डीएनए जन्म सांगतं, एवढंच. ससाण्याला ससाणा केला तो त्याच्या कामानं. पप्पांचंच खरं होतं, आई. आजोबांचंपण. मी त्यांना निम्मंच सांगितलं आणि निघून गेले."

मी सातवी शिकलेली बाई. चहा निवायच्या आत मला कळलं. गुरुजींना तर पहिल्याच शब्दाला कळलं असतं. अनवाणी गल्लीत गेले असते, आश्रुबाला सांगितलं असतं, परभणीला छापखान्यात फोन केला असता, अन् सगळ्यात आधी लेकीचं नाव पुन्हा लिहिलं असतं.

"'ऐकलं' लिहिलंस ना, ते खोड," मी म्हणलं. "त्यांनी ऐकलंच न्हाई. मी सांगितलं न्हाई त्यांना."

ती ओरडली न्हाई. ओरडली असती तर मीबी ओरडले असते, आमचं तसंच चालतं. तिनं वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणली, "त्यांनी विचारलं होतं का काही?"

इथं अजून एकदा खोटं बोलता आलं असतं. न्हाई म्हणलं असतं तर पोरीचं ओझं हलकं झालं असतं का वाढलं असतं, देव जाणे. पण विचारलं होतं. जायच्या आदल्या दिवशी मी गवारीच्या शेंगा मोडत होते, तर शेजारी येऊन बसले, माझ्याकडं न बघता दोन शेंगा मोडल्या, अन् म्हणले, सुला, बबी काही म्हणली का गं ससाण्याचं? अन् मी म्हणलं, तुमाला त्या ससाण्याची फिकीर, मला पोरीची हाय. आल्यावर विचारा. ते बरं म्हणले अन् उठून आत गेले.

हे सगळं मी तिला सांगितलं. शेंगांसकट.

"म्हणजे ते वाट बघत होते," ती म्हणली.

"हो."

"मीपण."

अकरा दिवस बाप इकडं अन् लेक तिकडं, अन् मधी मी, दाराला कडी लावून बसलेली. ती तेव्हा रडली. बाप गेल्यावर पहिल्यांदा रडली, माझ्याकडं पाठ करून. मी पाठीवर हात ठेवला तर तिनं तो काढला न्हाई, पण वळलीबी न्हाई.

संध्याकाळी तिनं ती ओळ खोडली. त्या जागी काय लिहायचं ते तिला सुचंना अन् काय लिहिणार हे तिला विचारायचा मला धीर होईना. पुस्तक तेवढ्यासाठी अजून घरातच हाय.