मठातली पोळी

आमच्या घरात शेंगदाण्याला बंदी आहे. नुसती खायला नाही, घरात आणायलासुद्धा. लातुरात दोडक्यापासून मेथीपर्यंत कशातही मूठभर कूट पडल्याशिवाय बाईला भाजी झाल्यासारखी वाटत नाही. अशा गावात हे घर मी कसं चालवते ते माझं मला माहीत.

धाकटी शिवानी, म्हणजे आमची शिऊ, चार वर्षांची असताना एका लाडवानं तिचे ओठ सुजले आणि श्वास अडकला. डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या अंगाला शेंगदाणा चालत नाही, एक दाणासुद्धा नको. तेव्हापासून मी स्वयंपाकघर पुरतं ताब्यात घेतलं. मी शाळेत गणित शिकवते आणि आठवड्याचा स्वयंपाकही तसाच बसवते. रविवारी भाज्या निवडून, चिरून डब्यांत भरायच्या, कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदाच करायचं, कुटाच्या जागी भाजलेल्या तिळाचं कूट. सोमवारी काय, गुरुवारी काय, दोन्ही मुलांच्या डब्यात काय, सगळं डोक्यात पक्कं. थोरला सर्वेश मला चिडवतो, "आपल्या घरी भूकपण टाइमटेबल बघून लागते." लागू दे. टाइमटेबल आहे म्हणून बहीण धडधाकट आहे तुझी.

सासूबाई उदगीरकडच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. शेंगाचटणी-भाकरीवर वाढलेली बाई, पण नातीसाठी त्यांनी ती एका दिवसात सोडली. "जिभेचं काय यवढं? लेकरू मोठं हाय," एवढंच म्हणाल्या. त्या फक्त एका बाबतीत ऐकत नसत. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, आणि ताटात शीत टाकायचं नाही. माझा नियम वेगळा होता: घराबाहेर कुणी काही दिलं तर खायचं नाही. एकाच घरात पोरीला दोघी दोन गोष्टी शिकवत होतो. माझीच गोष्ट वरचढ आहे, असं मी धरून चालले होते.

श्रावणात गल्लीतल्या मठात शिवनाम सप्ताह असतो. समाप्तीच्या महाप्रसादाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणि भात मठात शिजतो, पण पुरणपोळ्या घरोघरच्या बायका करून नेतात आणि सगळ्या एकाच टोपलीत पडतात. दरवर्षी पुरणाच्याच. मीही दिल्या होत्या. मला शाळेत परीक्षेचं काम होतं, म्हणून शिऊ आजीबरोबर गेली. "काही खायचं नाही," मी बजावलं. "पुरनाची पोळी तेवढी खाईल की गं," आत्याबाई म्हणाल्या. पोळी माझ्याही ओळखीची होती. मी हो म्हटलं.

यंदा गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका घरानं शेंगापोळ्या, शेंगदाणा-गुळाच्या, करून दिल्या होत्या. त्यांच्याकडं तशीच रीत. आता पोळी घडी घालून पानात पडली की पुरणाची कुठली नि शेंगेची कुठली, लांबून कुणाला कळणार? शिऊ पोरांच्या पंगतीत होती, आत्याबाई बायकांच्या. वाढणारी पुढं आली तेव्हा पोरीनं तिथून ओरडून विचारलं, "आजी, घेऊ?" आणि आजी म्हणाल्या, "घे बाळा, परसाद हाय."

शिऊनं अर्धी पोळी खाल्ली. चव वेगळी लागली तरी ती कशाची हे तिला कळलं नाही, कारण शेंगदाण्याची चवच तिला आठवत नव्हती. त्या लाडवानंतर ती आम्ही तिच्या जिभेला लागू दिली नव्हती.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. महांतेश, माझा नवरा, तिला उचलून दवाखान्यात पळाला. मी पोचले तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं, नाकावर मास्क होता, आणि तिचा चेहरा ओळखू येत नव्हता इतका सुजला होता. पोर वाचली. दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना सगळ्यांदेखत मी म्हटलं, "खाऊ घातलात प्रसाद? झालं समाधान? आता माझ्या चुलीपाशी यायचं नाही."

 घरी आल्यावर त्या आपलं पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. महांतेश म्हणाला, "अगं, आईला काय माहीत होतं?" मी म्हटलं, "तेच तर."

मला वाटलं, आता सगळं माझ्या हातात आहे. पण शिऊनं जेवणच सोडलं.

पहिले काही दिवस आम्ही म्हटलं, घसा दुखत असेल. मग लक्षात आलं, तिला भूक लागते, ती ताटापर्यंत येते, घास हातात घेते, वास घेते आणि खाली ठेवते. केळं खायची, तेही स्वतः सोललं तर. दूध प्यायची, पिशवी तिच्यासमोर फोडली तर. मी तिच्या आवडीचा सगळा आठवडा मांडला. मुगाची खिचडी, धपाटे, शेवयाची खीर, घरचा चीजवाला पराठा. सर्वेशची चैन झाली, दोघांचं तोच खायचा. शिऊच्या फ्रॉकमधून खांद्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, भीती आहे, जबरदस्ती करू नका, वेळ द्या. वेळ द्या म्हणायला यांचं काय जातं?

एका संध्याकाळी माझा तोल गेला. मी तिला मांडीत दाबून धरलं आणि वरणभाताचा चमचा ओठांशी नेला. "आईनं केलंय, शिऊ! आईच्या हातात काही वाईट असतं का?" तिनं दात घट्ट मिटले. चमचा दातांवर आपटला, भात माझ्या साडीवर सांडला. मग ती रडत म्हणाली, "तुलापण कळलं नाही तर?"

मी चमचा ठेवून दिला. पोळीला हो मीच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बाहेरच्या खोलीत दोघी बसल्या होत्या. आत्याबाईंच्या पुढ्यात सुपात ज्वारी होती. त्या निवडत होत्या आणि शिऊ त्यांच्या गुडघ्याला टेकून सुपात डोकं घालून बघत होती. मला पाहून आत्याबाईंनी सूप मागं ओढलं. "चुलीपाशी न्हाई गेले गं मी," त्या घाईनं म्हणाल्या. "हितंच बसून राहिले. पोरगीच म्हनली, मी बघते."

"काय बघते?"

"खडा, दाना, काय बी. माझ्या डोळ्यांनी घात केला. आता तिच्या डोळ्यांनी निवडायलेय."

त्या बाईनं स्वतःची चूक इतक्या सरळ कबूल केली, तीही सात वर्षांच्या पोरीपुढं. मला लाज वाटली. रागही आला, खोटं कशाला बोलू. माझ्या हातचं नको, आणि जिच्यामुळं दवाखाना पाहिला तिच्या गुडघ्याला टेकून बसायचं?

"आत चला," मी आत्याबाईंना म्हटलं. "सूप घेऊन चला."

ज्वारी गिरणीत न देता घरीच मिक्सरवर दळली, जाडीभरडीच. भांडं शिऊनं आतून बघितलं, मगच दाणे टाकू दिले. ती ओट्याशी स्टूलवर उभी राहिली. पीठ, मीठ, गरम पाणी, बाकी काही नाही. आत्याबाई भाकरी थापायला पुढं आल्या नाहीत. "तू थाप," म्हणाल्या. पीठ भरड, भाकरी कडेनं फाटली. माझ्या हातची इतकी वाईट भाकरी लग्नानंतर पहिल्यांदाच झाली असेल.

मी एक तुकडा मोडला. "शिऊ," मी म्हटलं, "माझंही चुकू शकतं. मलाही कधी कळणार नाही. म्हणून तू बघत जा, विचारत जा. मी चिडणार नाही."

"चिडशील," ती म्हणाली.

"चिडेन. तरी विचार."

तिनं आजीकडं पाहिलं. आत्याबाईंनी नजर रिकाम्या सुपाकडं वळवली. मग तिनं माझ्या हातातला तुकडा वास घेऊन तोंडात टाकला आणि माझ्या तोंडाकडं बघत चावायला लागली. भाकरी मी केली होती, ज्वारी तिनं निवडली होती. तरी तिच्या ओठांवरून माझी नजर हलत नव्हती. मी घाबरले आहे हे तिला स्वच्छ दिसत होतं.

ते बघतच तिनं घास गिळला.