बारकीची फळी

मित्रांनो, नाटकाला गेलात की तुम्ही कुठे बघता? नटांच्या तोंडाकडे, कपड्यांकडे, फार तर पडद्याकडे. खाली कुणी बघत नाही. ज्यांच्यावर उभी राहून ही सगळी मंडळी टाळ्या घेतात, त्या आम्ही स्टेजच्या लाकडी फळ्या. त्यातली, मागच्या दारापासून मधल्या खुर्चीपर्यंत गेलेली बारा फुटांची सागाची फळी म्हणजे मी. आता वय झालंय, पण आठवण शाबूत आहे, आणि बोलायची हौस तर विचारूच नका.

सुतारदादांनी मला रंधा मारून छान गुळगुळीत केलं. ठोकून बसवताना मात्र कुणीतरी चहा आल्याची हाक मारली आणि माझ्या एका टोकाचा खिळा अर्धवट राहिला. तेव्हापासून मी सैल. पाय पडला की 'कर्र' करायची. एकदा राजा मरून पडला होता, राणी धाय मोकलून रडत होती, आणि माझ्यावर राणीचा पाय पडला. लोक फिदीफिदी हसले. मेलेला राजासुद्धा हसला. त्या दिवशी मला जी बोलणी बसली, ती अजून विसरले नाही.

"ही फळी काढून टाका," असं मॅनेजरसाहेबांनी फर्मावलं. सुतारदादा पहार घेऊन आले. आणि पाहतात तर काय, माझ्यावर एक सात वर्षांची पोर मांडी ठोकून बसलेली! उठायचं नाव घेईना.

ती कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींची मुलगी. सगळे तिला बारकी म्हणत. तिसऱ्या वर्षी तापात तिचं ऐकणं गेलं होतं. आई दिवसभर मशीनवर अंगरखे शिवायची आणि ही रिकाम्या स्टेजवर अनवाणी हिंडायची. हिंडता हिंडता तिला माझा शोध लागला. माझ्या दाराकडच्या टोकावर कुणी पाऊल टाकलं की दुसऱ्या टोकाला तिच्या तळव्यांना ते कळायचं. बाकीच्या फळ्या घट्ट ठोकलेल्या, मुक्याच्या मुक्या. मी सैल, म्हणून थरथरायची. ज्या खोडीपायी मी शिव्या खाल्ल्या, तीच या पोरीला हवी होती.

"राहू द्या हो दादा," मावशी हात जोडून म्हणाल्या. "तिची मैत्रीण आहे ती."

दादांनी डोकं खाजवलं आणि पहार उचलून निघून गेले. माझा जीव भांड्यात पडला.

मग आमचे खेळ सुरू झाले. विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द पुरवणारे प्रॉम्प्टरकाका तिला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, आणि एकेकाला दारातून चालवत आणायचे. बारकी न चुकता हातवारे करून कोण ते दाखवायची. नायक टाच आपटायचा. विदूषक पोट सांभाळत यायचा. खलनायक पावलं इतकी हळू टाकायचा की मांजर परवडलं. तिला सगळे ओळखू यायचे. काका पैज हरायचे आणि खोटं खोटं रुसायचे.

रोज दुपारी मावशी तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून एकेक अक्षर शिकवायच्या. असं करत ती बोलायला लागली. आवाज जरा जाडसर, शब्द थोडे घासून येणारे, पण कान देऊन ऐकलं तर त्यात गोडवा होता. ओठ वाचण्यात तर ती इतकी तरबेज झाली की विंगेत तिच्यासमोर कुणी कुणाची चहाडी करेना.

बारकी वाढली, आईपेक्षा उंच झाली, तरी नाव बारकीच राहिलं. तिला नाटकात कामं मिळू लागली. पण कसली? एकदा झाड. दोनदा प्रेत. आणि मग वर्षानुवर्षं ट्रे घेऊन येणारी मोलकरीण. पंधरा वर्षांत तिच्या वाट्याला एकूण चार वाक्यं आली, त्यातली दोन 'हो बाईसाहेब' होती. तिला वाईट वाटायचं. सगळे गेल्यावर ती माझ्यावर उभी राहून नायिकेची अख्खी भूमिका म्हणायची. मला पाठ झाली होती, म्हणजे बघा.

मग एक नवा दिग्दर्शक आला. त्याच्या लक्षात आलं की लोक नायिकेला सोडून ट्रेवाल्या बाईकडे बघतायत. त्याने नव्या नाटकातली मुख्य भूमिका, आईची, बारकीला दिली. तो प्रसंगच तसा होता. शेवटच्या प्रवेशात आई दाराकडे पाठ करून, डोळे मिटून बसलेली असते. दहा वर्षांपूर्वी भांडून घर सोडलेला मुलगा मागून गुपचूप आत येतो. तीन पावलं टाकतो आणि थांबतो. आई डोळे न उघडता म्हणते, "आलास? पाय पूस आधी." नाटकाचा सगळा जीव त्या एका वाक्यात.

मुलाचं काम करणारा नट मोठा लहरी. कधी दारात दोन श्वास थांबायचा, कधी वीस. त्यामुळे मनात आकडे मोजून काम भागणारं नव्हतं. पण बारकीच्या उघड्या पायांखाली मी होते. तालमीत एकदाही चूक झाली नाही. दिग्दर्शकाला वाटे, हिला अंदाज छान आहे. बारकीने खरी गोष्ट सांगितली नाही. तिला भीती होती. कारण पहिल्याच दिवशी तो स्पष्ट म्हणाला होता, "बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण पहिल्या प्रयोगात ही जागा चुकली, तर दुसऱ्या प्रयोगाला मला दुसरी नटी उभी करावी लागेल." आणि ती दुसरी नटी संवाद पाठ करून तयारच बसली होती.

पहिल्या प्रयोगाच्या सकाळी मॅनेजरसाहेब स्वतः चार माणसं घेऊन आले. त्यांच्या खांद्यावर एक लालभडक कारपेट होतं, चांगलं दोन बोटं जाड. भराभर अंथरलं आणि कडेने बारीक खिळे ठोकले. मी अंधारात गेले. वरून साहेबांचा खुशीतला आवाज आला, "आपली बारकी अनवाणी काम करते. पायात कुसळं जातात पोरीच्या. आज तिचा मान आहे! आणि ती मेली फळीही करकरायची बंद होईल."

मॅनेजरसाहेबांचं मन चांगलं होतं हो. रागावू तरी कशी?

बारकी आली, सगळ्यांबरोबर हसली, साहेबांच्या पाया पडली. मग कारपेटवर पाय ठेवला, आणि हसू मावळलं. तिने टाच आपटून पाहिली. मी जीव तोडून थरथरले, पण काही केल्या तिच्यापर्यंत पोचेना. तिने ब्र काढला नाही. आता तक्रार केली तर दिग्दर्शक म्हणणार, 'बघा, मला हीच शंका होती.'

तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. पहिले दोन अंक तिने ओठ आणि डोळे वाचत पार पाडले, आणि झकास पार पाडले. मध्यंतरात टाळ्या थांबत नव्हत्या. शेवटचा प्रवेश मात्र पुढेच होता.

पडद्यामागे बारकीने आईचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. मावशी तडक उठल्या. कपडेपटातून कापड कापायची मोठी कात्री घेऊन आल्या आणि खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसल्या. तेवढ्यात मॅनेजरसाहेब धावत आले.

"अहो मावशी! डोकं फिरलंय का? सकाळीच अंथरलंय ते!"

गलका ऐकून सगळी मंडळी जमली. दिग्दर्शक आला. ती दुसरी नटीही आली. बारकी ताठ उभी राहिली आणि आपल्या त्या जाडसर आवाजात सगळ्यांदेखत म्हणाली, "साहेब, मला पायांनी ऐकू येतं. तुम्ही प्रेमाने माझे कान झाकलेत."

दिग्दर्शक एकदा तिच्या पायांकडे बघे, एकदा दाराकडे. "म्हणजे तालमीत रोज... या फळीवरून?" बारकीने मान डोलावली. "मग सांगितलं का नाहीत?" "दुसरी बाई उभी कराल म्हणून." तो इतका ओशाळला की त्याला खाली बघवेना आणि वरही बघवेना.

मॅनेजरसाहेब मात्र खाली बसले. सुटाच्या पँटीसकट, थेट गुडघ्यांवर. कारपेटची कड दोन्ही हातांनी ताणून धरली आणि खेकसले, "मावशी, बघताय काय? कापा! दारापर्यंत सरळ कापा, वाकडं गेलं तर याद राखा!"

कात्री चालली, लांब पट्टी सुटली आणि माझ्यावर उजेड पडला.

शेवटचा प्रवेश लागला. बारकी खुर्चीत बसली, डोळे मिटले, दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. ते घामाने ओले होते. तो लहरी नट त्या दिवशी दारात किती थांबला म्हणून सांगू! मला वाटलं, विसरला की काय मेला. मग पहिलं पाऊल. दुसरं. तिसरं. आयुष्यात करकरल्याबद्दल बोलणीच खाल्ली होती, पण त्या क्षणी मी कशाचीही पर्वा केली नाही. मोठ्ठ्याने 'कर्र' केलं.

"आलास?" बारकी म्हणाली. "पाय पूस आधी."

कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतला एक धिप्पाड माणूस मात्र रुमालात तोंड खुपसून रडला. दुसऱ्या नटीने विंगेतून सगळ्यात आधी टाळी वाजवली, हेही सांगायला हवं.

त्या नाटकाचे पुढे शेकडो प्रयोग झाले. आता नाट्यगृहाला नवीन गुळगुळीत फरशीचं स्टेज आहे. मला उखडलं तेव्हा वाटलं, संपलं आपलं. पण बारकीबाई टेम्पो घेऊन आल्या. त्यांच्या तालमीच्या खोलीत, दारापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत, सुतारदादांच्या मुलीने मला पुन्हा बसवलंय. एक खिळा मुद्दाम सैल ठेवून! तिथे ऐकू न येणारी बारा मुलं नाटक शिकतात. त्यांना झाडाची आणि प्रेताची कामं कुणी देत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाचं भलं करायला निघालात, तर आधी त्यालाच विचारा. आणि आमच्यासारख्या जुन्या, करकरणाऱ्या वस्तू फेकण्याआधी बघा, कुणाचा पाय तर आमच्यावर टेकलेला नाही ना.

बरं, आता पुरे. वर्गाची वेळ झाली. बाई दाराकडे पाठ करून, डोळे मिटून बसल्या आहेत. एक मुलगी उशिरा आली आहे. चपला हातात घेऊन, श्वास रोखून आत सरकते आहे. एक पाऊल. दोन. तीन.

"आलीस?" बाई म्हणतात. "पाय पूस आधी."