सात नंबरची पँट

"सही करा मावशी. मग गाडी तुम्हाला घरापर्यंत सोडेल," असं म्हणत संघाचा मॅनेजर उन्मेष याने टेबलावरून कागद पुढे सरकवला. आवाज इतका गोड होता की जयवंता तिथेच सावध झाली.

सातवी शिकलेली बाई, पण वाचायची ते सावकाश आणि शेवटपर्यंत. कागदावर लिहिलं होतं की, कपडे धुणाऱ्या बाईने रविवारी फाटकावर बाहेरच्या माणसांशी संपर्क केला, त्यामुळे संघात विषाणू शिरला आणि ही चूक तिला मान्य आहे.

"मी नाई करत सही."

"फाटकावरच्या कॅमेऱ्यात दिसताय तुम्ही."

"दिसनच. उभी होती ना मी. पन माये हात कुठी हायेत, ते पाह्यलं का तुमी? नीट पाहा."

शहराबाहेर मिहानकडच्या या हॉटेलात कबड्डीचा संघ बावन्न दिवसांपासून कोंडलेला होता. खेळाडू, कोच, आचारी आणि जयवंता. कोणी बाहेर जायचं नाही, कोणी आत यायचं नाही, दर तिसऱ्या दिवशी नाकात काडी. चौथ्याच दिवशी तिची लेक काजल बाळंत झाली, मुलगी झाली, आणि आजीने नातीचं तोंड फोनवर पाहिलं. सव्वा महिना सरला तशी काजल बाळाला घेऊन रविवारी थेट फाटकावर आली. आतल्या बाजूला दहा फुटांवर पिवळी रेघ मारलेली होती. जयवंता रेघेमागे उभी राहिली. काजल म्हणाली, "घे ना वं आई, एकच मिनिट. कोन पाह्यते?" कोणी पाहत नव्हतं, म्हणूनच जयवंताने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. हातांचा भरवसा नव्हता तिला.

आणि मंगळवारी आर्यन पॉझिटिव्ह निघाला. संघाचा हुकमी चढाईपटू, जर्सी नंबर सात. त्याच्यासोबत आणखी दोघं. जयवंताची तपासणी निगेटिव्ह आली, पण ते कोण विचारतो? खेळाडूने नियम मोडला तर संघाचे गुण कापले जाणार होते. कामवाल्या बाईने मोडला तर फक्त बाई जाणार होती. बळीचा बकरा शोधायला उन्मेषला लांब जावं लागलं नाही.

खरं काय ते जयवंताला शनिवारीच कळलं होतं. सात नंबरच्या थैलीत पांढरी ट्रॅकपँट होती आणि तिच्या गुडघ्यावर तेलकट पिवळा डाग. हुंगून पाहिलं तर सावजी खानावळीचा झणझणीत रस्सा! इतके दिवस उकडलेली कोंबडी आणि बिनहळदीच्या भाज्या खाणाऱ्या पोरांत हा वास आला कुठून? साबण लावताच डाग लालभडक झाला. हळदच ती. पोट्ट्याला राहवलं नाही, म्हणून ती हसलीही होती. पण बोलली नाही. लोकांच्या कपड्यात दिसलेलं कपड्यातच ठेवायचं, ही सासूची शिकवण. धंतोलीतल्या दवाखान्यांच्या चादरी तिने वीस वर्षं धुतल्या होत्या, आणि कुठल्या चादरीवर काय पाहिलं ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या भरवशावरच तर लोक कपडे देत. आता या कागदावर सही केली की संपलंच. रोग पसरवणारी बाई म्हटल्यावर कुठला दवाखाना तिला चादरी देणार होता?

"दोन वाजेपर्यंत विचार करा," उन्मेष म्हणाला.

"केला," म्हणत जयवंता उठली आणि हॉटेलच्या मागच्या अंगणात गेली.

अंगणात तिची दोरी होती. खेळाडूंच्या सगळ्या खोल्यांच्या खिडक्या याच अंगणावर उघडत, आणि मंगळवारपासून प्रत्येकजण आपापल्या खोलीत बंद होता. जयवंताने रोजच्यासारखी दोरी पुसली. मग डागापायी शनिवारपासून मागे ठेवलेली सात नंबरची पँट पुन्हा साबणातून काढली, झटकली आणि दोरीच्या बरोबर मधोमध घातली, सातचा आकडा आणि लाल डाग खिडक्यांकडे करून.

एक पडदा हलला. मग दुसरा.

"मावशी, ते लाल काय आहे?" वरून कोणीतरी विचारलं.

"हळद हाय गा. साबनानं लाल होते अन् उन्हानं जाते. म्हनून उन्हात घातली."

वर कोणीतरी खुदकन हसलं. उन्मेष धावत आला. "काढा ते आधी!"

"काहून? वला कपडा वाळू घालू नाई, असं लिवलं हाय का तुमच्या कागदात?"

"तुम्ही खेळाडूवर आरोप करताय!"

"मी कोनाचं नाव घेतलं? इतके दिवस तोंड बंद ठेवलं, आताबी बंदच हाय. मी माया धंदा करून राहिली, तुमी तुमचा करा."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. आर्यनचा आवाज बसला होता.

"सर, मावशीले सोडा. मीच गेलो होतो शुक्रवारी बाहेर, महालातल्या सावजीकडं. रस्सा खायले." मग म्हणाला, "लपवून ठेवलं, ते चुकलं माहं."

सगळ्या खिडक्यांनी ते ऐकलं. उन्मेष कागदाची घडी करून खिशात घालू लागला.

"तो इकडं द्या," जयवंताने हात पुढे केला. त्याने का दिला, त्याचं त्यालाच ठाऊक. तिने कागद साबणाच्या बादलीत बुडवला आणि लगदा होईपर्यंत चोळला. अंगात असा संताप होता की हात थांबेनात.

चार वाजेपर्यंत उन्हाने डाग नेला. तिने पँटीला इस्त्री केली, घडी घातली आणि आर्यनच्या दारावर अडकवून आली. संघाचे गुण कापले गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी काजल बाळाला घेऊन आली. चौकीदार शालिकरामने फाटक सताड उघडलं. "जा वं बाई. साहेबानं दोन दिवसांची सुट्टी देल्ली तुले."

जयवंता रेघेपर्यंत आली आणि थांबली.

"ये ना वं आई," काजल म्हणाली.

"सात दिवस थांब. तिघं बिमार हायेत, अन् त्यायचे कपडे याच हातानं धुतले म्या."

"आता कोन विचारते तुले?"

"कोनी नाई."

काजलने दुपटं बाजूला करून लेकीचं तोंड आजीकडे वळवलं. बाळाने जांभई दिली. उघड्या फाटकासमोर, पिवळ्या रेघेमागे जयवंता डोळे भरून पाहत राहिली. हात तिने पाठीमागे घट्ट धरले होते.