नळीमागच्या रेषा

प्रमोदने बोट पुढे केलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. तीस वर्षं कारखान्यात लोखंड उचललेला गडी सुईला कसला घाबरतोय! तो घाबरत होता टेबलावरच्या त्या इवल्याशा काचेच्या नळीला.

"झालं, काका," उमा म्हणाली. उल्हासनगरच्या एका कॉलेजात एक संशोधन चाललं होतं, त्यात रक्त तपासायचं काम तिच्याकडे. धावून झाल्यावर पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले तर थकवा लवकर उतरतो की नुसतं चालत राहिल्याने, हे तिथे पाहत होते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या भावनाने, म्हणजे प्रमोदच्या लेकीने, हौसेने नाव दिलं. पळण्याआधी सगळ्यांचं रक्त तपासलं आणि भावनाच्या रक्तात सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आनुवंशिक दोष, निघाला.

"ती फक्त वाहक आहे, तिला आजार नाही, पळू शकते," डॉक्टर काल म्हणाले होते. "पाणी पीत राहायचं. पाय आखडले की लगेच थांबायचं. हे आई-वडिलांपैकी एकाकडून येतं. घरात अजून कोणाला त्रास?"

प्रमोदच्या तोंडचं पाणी पळालं. चार वर्षांपूर्वी त्याचा थोरला, मिलिंद, बदलापूरच्या मैदानावर भर उन्हात पळण्याचा सराव करताना कोसळला तो उठलाच नाही. पाय आखडलेत, म्हणत होता. आणि कडेला घड्याळ घेऊन उभा असलेला बाप ओरडत होता, "थांबू नको!" यशोधराने ते नवऱ्याला एक दिवसही विसरू दिलं नाही. पण कालपासून तीही हादरली होती.

"माझ्याकडनं निघालं ना, तर मी जगायची नाय," सकाळी ती म्हणाली. "तुम्ही जा. तुमचं कळलं की माझं कळलंच."

उमाने रक्ताचा थेंब नळीतल्या पाण्यात सोडला आणि नळी एका कागदापुढे धरली. कागदावर काळ्या रेषा होत्या.

"पाणी गढूळ होऊन रेषा झाकल्या, तर तुमच्यात आहे. पाच मिनिटं थांबा."

प्रमोद जीव मुठीत धरून बघत राहिला. गढूळ झालं तर पोराला आपण दोनदा मारलं. आणि नाही झालं तर? पुढचा विचार करायची त्याची हिंमत झाली नाही.

रेषा स्वच्छ दिसत राहिल्या.

"तुम्हाला काही नाही, काका!" उमा हसली.

हायसं वाटायचं सोडून प्रमोदला यशोधराचं सकाळचं बोलणं आठवलं. त्याने भिंत धरली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"कळलं?" यशोधराने घाईने विचारलं.

"कळलं."

"कोणाचं?"

"माझं."

उमाने चमकून वर पाहिलं. प्रमोदने मोकळ्या हातानेच तिला गप्प राहायला विनवलं.

 पलीकडे तिला रडू फुटलं, ते बऱ्याच वेळाने ओसरलं.

"ऐका," ती म्हणाली. चार वर्षांत इतक्या हळू आवाजात ती त्याच्याशी बोलली नव्हती. "उन्हाचं निघू नका. तुम्हालाच जपायला लागंल आता. पाणी प्या आधी."

"पितो. तू पण पीत जा."

"मला काय झालंय?"