दुसरी तपासणी

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला आणि माझा चहा कपातच निवला. ताई रेल्वेचं इंजिन चालवते.

"सोमवारी नवी लाइन सुरू होतेय. पहिली गाडी माझी! वळणावरची पट्टी तू केलीस ना? मग मी डोळे मिटून नेते की नाही बघ."

"डोळे उघडे ठेव," मी म्हणालो. ती खळखळून हसली.

गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जिच्यामुळे वळते, ती सरकती पोलादी पट्टी. झिजू नये म्हणून आम्ही कारखान्यात लेसरने धातूची भुकटी वितळवून तिच्यावर थर चढवतो. मग लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरा फवारा मारायचा. तडा असला की लाल रेघ उमटते. पण थर मोठा लबाड. आज स्वच्छ दिसेल आणि दोन दिवसांनी तडकेल. म्हणून दोन दिवसांनी दुसरी तपासणी. आणि मी दीडशहाणा, पहिली स्वच्छ निघाली की दुसरीचीही सही त्याच दमात ठोकायचो.

"किती येरझाऱ्या घालशील?" बायको म्हणाली. "फरशी झिजेल. तिच्यावरही चढव एक थर."

ताट तसंच सारून मी फोरमनकाकांचं घर गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. वाटलं, कानाखाली वाजवतील. त्यांनी नुसत्या चपला घातल्या. वाटेत कारखान्यातून रंग आणि फवारा उचलला.

नव्या लाइनवर अजून गाड्या नव्हत्या. काकांनी ओळख सांगून आत जायची परवानगी मिळवली. मी गुडघे टेकून रंग लावला. दहा मिनिटं थांबायचं होतं. मी चार वेळा घड्याळ पाहिलं, तीनच मिनिटं झालेली. मग पुसलं, फवारा मारला. घाईत अर्धा फवारा बुटांवर गेला.

रेघ नव्हती. काकांनी भिंग लावून टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. नव्हतीच. मी तिथेच खडीवर बसलो आणि रडलो.

"सुटलास," काका बाटलीला झाकण लावत म्हणाले. "अशी ही एकच ना?"

मी बुटांवरचा पांढरा डाग पुसत राहिलो. ताईचा फोन आला नसता, तर मी या पट्टीचाही विचार केला नसता.

"बावीस."

काकांचा हात थांबला. "बाकीच्या कुठे बसल्यात?"

मला ठाऊक नव्हतं. मला ही एकच ठाऊक होती.