कानाला न टोचणारा अ‍ॅम्प्लिफायर

थिनने सिंगापूरहून नवाकोरा अ‍ॅम्प्लिफायर पाठवला आणि त्या आठवड्यापासून त्याच्या बाबांनी, खिएमने, सकाळची कॉफी घरी प्यायची बंद केली. खिएमने उभा जन्म सायगॉनच्या नदीवर, फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी काढलेला. निवृत्तीनंतर त्याचं सुख एकच, कॉफी गाळणीतून ठिबकत असताना जुन्या संगीत नाटकांची तबकडी लावायची आणि बायकोला, लुआला, शेजारी बसवून घ्यायचं. अख्ख्या संसारात तेवढा तास लुआला आपला वाटे. आता तो उठला की पायात चपला सरकवून गल्लीच्या तोंडाशी कॉफीच्या टपरीवर जायचा, तो उन्हं चढल्यावर परतायचा.

शेजारीण रोज मुद्दाम टपरीवालीच्या रंगवलेल्या केसांचा विषय काढू लागली. ऐकीव गोष्टींवर रडत बसणारी बाई लुआ नव्हे. एका सकाळी ती सरळ टपरीसमोर जाऊन उभी राहिली. खिएम तिथल्या खरखरत्या रेडिओला कान लावून, डोळे मिटून गाणं ऐकत होता. लुआचा जीव भांड्यात पडला. नवरा कंटाळला होता तो तिला नव्हे, घरातल्या नव्या यंत्राला.

घरी आणून तिने त्याला फैलावर घेतलं तेव्हा कुठे कबुली आली. नव्या यंत्रातून गाणारीचा स्वर वर चढला की इंजिनाने खराब केलेल्या त्याच्या कानात सुई खुपसल्यासारखं होई. पण पोराने हौसेने पाठवलेलं, त्याला कळता कामा नये, अशी सक्त ताकीदही त्याने वर दिली. दुसरा आणते, असं लुआ म्हणाली. तो नको नको म्हणत राहिला आणि ती त्याची आवडती तबकडी पिशवीत घालून जुन्या यंत्रांच्या न्यत ताव बाजारात पोचलीसुद्धा.

कांग नावाच्या विक्रेत्याच्या दुकानात जुने जपानी अ‍ॅम्प्लिफायर छतापर्यंत रचलेले. लुआने मागणी ठणकावून सांगितली. सगळं एकाच डब्यात हवं, व्हॉल्व्हची, म्हणजे काचेच्या नळ्यांची, नाजूक कौतुकं नकोत, साधा ट्रान्झिस्टरचा द्या, आणि आवाज जरासा उबदार, मऊ, फार नाही. कांगने त्याच्या मते दुकानातला राजा होता तो काढला, त्यावर तिची तबकडी लावली आणि त्याचं गुणगान सुरू केलं.

लुआ यंत्राकडे बघतच नव्हती. या बाजारातल्या रोजच्या कोलाहलात कांगचेही कान खिएमसारखेच कामातून गेलेले असणार, हे तिने मघाशीच ताडलं होतं. तिची नजर होती त्याच्या हातावर. तोंडाने स्तुती चालूच होती, पण गाणारी वरच्या पट्टीत गेली तसा त्याचा हात आपसूक आवाज कमी करायला गेला. लुआने नकारार्थी मान हलवली. दुसरा इतका मऊ, की बाई गोधडीत तोंड घालून गातेय असं वाटावं. शब्द कळेनात म्हणून कांग स्वतःच पुढे वाकला. तोही बाद. तिसरा एका कोपऱ्यात पोचा आलेला, कांगने नाइलाजाने खाली काढलेला. गाणं वर चढलं, शब्द न् शब्द सुटा ऐकू आला, आणि कांग बोलता बोलता गप्प होऊन खुर्चीत टेकला.

"हा द्या," लुआ म्हणाली.

"ताई, याच्यात ताकद नाही हो."

"ताकद लग्नाच्या मांडवात लागते. आमच्या घरी दोनच माणसं. आणि तुमची बडबड याच्यापुढेच थांबली."

कांगने यंत्र बांधण्यासाठी दोरी शोधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी खिएमने पहिलं गाणं अंग चोरून ऐकलं. दुसरं त्याने स्वतः उठून लावलं. चपला दारातच राहिल्या. तेवढ्यात थिनचा फोन आला. पोराला दुसऱ्या यंत्राचा सुगावा लागू नये म्हणून खिएम गाणं बंद करायला धावला, तर लुआने त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

"आई, गाणं लागलंय?" पडद्यावरून थिनने विचारलं. "म्हणजे बाबांचा राग गेला?"

"कसला राग?" खिएमने विचारलं.

"तुम्ही नको म्हणत असताना मी इकडे आलो, त्याचा. यंत्र पोचल्यापासून फोनवर तुमच्यामागे कधी गाणं ऐकूच आलं नाही. मला वाटलं, माझ्या हातचं तुम्हाला काही नकोय."

खिएम म्हणाला, "अरे वेड्या, तुझं यंत्र माझ्या कानात टोचत होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही आणि रोज घराबाहेर पडत राहिलो."

थिनने डोळे पुसले, आणि मग बापलेक हसतच सुटले. लुआला मात्र हसू आलं नाही.

"तुम्ही दोघं एकमेकांची मनं जपत बसलात," ती म्हणाली, "आणि माझ्या सकाळी फुकट गेल्या." एवढं बोलून ती ढसाढसा रडायला लागली.

खिएमने तबकडी पहिल्यापासून लावली. तिला हाताला धरून शेजारी बसवलं आणि फोन हातात घेतला.

"थिन, तू नंतर फोन कर," तो म्हणाला. "आत्ता तुझी आई आणि मी गाणं ऐकतोय."